बारा नंबरची प्लेट

१

बारापैकी अकरा प्लेटा टकल्या निघाल्या.

मंगळवारी सकाळी परळच्या त्या संशोधन संस्थेत विभागप्रमुख डॉक्टर रमाकांतांनी बुरशीच्या कपाटाचं दार उघडलं. कपाट म्हणजे फ्रिजएवढं यंत्र, आत रात्रंदिवस अठ्ठावीस अंश. बुरशीला मानवेल इतकं ऊबदार. आत ठेवलेल्या प्रत्येक काचपारदर्शक प्लेटमध्ये आठ दिवसांत नायट्याची पांढरी बुरशी काठोकाठ माजायला हवी होती. रमाकांतांनी एकेक प्लेट उजेडाकडे धरली. अकरांत काहीच नव्हतं. एकट्या बारा नंबरच्या प्लेटमध्ये बुरशी गुटगुटीत पोसलेली होती.

"दिशा, ह्या तेल न घातलेल्या प्लेटा ना?"

"हो सर," दिशा म्हणाली.

"तेल नाही, औषध नाही, तरी बुरशी उगवली नाही. म्हणजे तुझी बुरशी आधीच मेलेली होती. आणि मेलेल्या बुरशीवर तुझं ओव्याचं तेल दोन वर्षं विजय मिळवतंय!"

मागे कुणीतरी हसलं. रमाकांत हसले नाहीत, पण त्यांनी हसणाऱ्याला गप्पही केलं नाही. पुढच्या मंगळवारपर्यंत लेखी खुलासा, नाहीतर प्रकल्पावरून नाव कमी, एवढं सांगून ते चहाला गेले.

२

हे सगळं मीनाक्षी पेडणेकरला कळलं ते दुसऱ्या दिवशी, लालबागच्या बाजारात, मांदेलीचा वाटा निवडताना.

मीनाक्षी म्हणजे चौतीस वर्षं रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत बुरशी वाढवून निवृत्त झालेली बाई. नवरा नाही, मूल नाही, चाळीत दोन खोल्या आणि जिभेला हाड नाही. परळ-लालबागमधल्या निम्म्या तंत्रज्ञांना बुरशी उचलायची सुई कशी धरायची ते तिने शिकवलेलं. खुद्द रमाकांतांनाही, ते मिशी न फुटलेले विद्यार्थी होते तेव्हा.

"मीनाक्षीताय, पोरीला खोटारडी म्हणाले गो," मंजुळा म्हणाली. मंजुळा ही दिशाची आई, जातीची कोळीण, बोलायला लागली की अख्खा बाजार ऐकायचा. आज ती कुजबुजत होती, आणि मीनाक्षीला तेच पाहवेना. "दोन वर्षं राबली. काल रात्री जेवली पण नाय."

मंजुळाने पाय बर्फाच्या पाण्यातून काढून फळीवर ठेवले. बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून सोलली होती. पायाच्या घोट्यावर नायट्याची लाल कडा. बाजारातल्या दर दुसऱ्या बाईचे पाय असेच होते. आधी पंधरा दिवसांच्या गोळ्यांनी बरं व्हायचं, आता तीन तीन महिने गोळ्या खाऊनही नायटा हटत नव्हता. दिशाला ह्याच बायकांवर, चाळीस जणींवर, तिच्या मलमाची चाचणी करायची होती. संस्थेची समिती या वर्षी एकाच चाचणीला परवानगी देणार होती.

"पोरीला संध्याकाळी माझ्याकडे पाठव," मीनाक्षी म्हणाली. "आणि तू ओरडून मासे विक. तुझी पोर खोटी नाही, मग तू का तोंड लपवतेस?"

३

दिशा आली ती डोळे सुजवून. मीनाक्षीने तिच्यासमोर चहा ठेवला आणि सरळ विचारलं, "तेलाने नायटा बरा होतो?"

"माहीत नाही, मावशी."

"शाबास. पुढे बोल."

"ओव्यातलं थायमॉल आणि लवंगेतलं युजेनॉल, दोन्ही बुरशीच्या पेशीची साल फोडतात. प्रयोगशाळेत हे जगभर शेकडो वेळा दिसलंय, मलाही दिसलंय. पण प्लेटमधली बुरशी वेगळी आणि माणसाची कातडी वेगळी. माणसांवर नीट केलेल्या चाचण्या बोटांवर मोजण्याइतक्या. नुसतं तेल चोळलं तर कातडी भाजते. म्हणून तर चाचणी हवीय."

"तेल असलेल्या प्लेटांची वाफ ह्या बारांपर्यंत पोचली असेल का?"

"त्या मी मुद्दाम दुसऱ्या मजल्यावर ठेवल्या होत्या. आणि आठ दिवस मी कपाटाकडे फिरकायचंसुद्धा नाही, ही समितीची अट. मी फक्त गेल्या आठवड्यात सोमवारी सकाळी दहाला प्लेटा ठेवल्या."

"बारा नंबरच्या प्लेटमध्ये वेगळं काय होतं?"

दिशा विचारात पडली. "झाकण सैल होतं. पडेल म्हणून मी तिला चिकटपट्टीचे दोन वेढे दिले. बाकी सगळं तेच. तीच बुरशी, त्याच बाटलीतली."

मीनाक्षी कपातला चहा तसाच ठेवून उठली. खालून गिरणीवर मिरच्या कुटल्याचा ठसका वर आला होता, तरी ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. एकाच बाटलीतल्या बुरशीची बारा भावंडं. अकरा गारद आणि तोंड बांधलेलं तेवढं जिवंत. आत हवेतून काहीतरी आलं होतं.

"टकल्या प्लेटा फेकल्या नाहीत ना?"

"फ्रिजमध्ये आहेत."

"उद्या सकाळी मी येते. रमाकांतला म्हणावं, बाई येतायत."

४

रमाकांतांना नाही म्हणता आलं नाही. त्यांनी फक्त बजावलं, "बाई, तपासा, पण गाजावाजा नको."

"मी कधी गाजावाजा केलाय?" मीनाक्षी म्हणाली, आणि तिचा आवाज जिन्यापर्यंत गेला.

प्रयोगशाळेत दिशाचा सहकारी विनीत बसला होता. इस्त्रीचा शर्ट, मधाळ बोलणं. चाचणीसाठी दुसरा अर्ज त्याचाच होता, एका नव्या रासायनिक औषधाचा. टेबलावर त्याचा चहाचा कप, तळाशी वाळलेला गाळ. शेजारी कालचा कप. त्याच्या शेजारी, बहुधा परवाचा.

"फार वाईट वाटतंय हो दिशासाठी," तो म्हणाला. "हुशार आहे, पण घाई करते."

तेवढ्यात गंगुबाई आल्या, कंत्राटावरच्या मदतनीस, साठीला टेकलेल्या. दोन महिन्यांपूर्वीच संस्थेच्या लायब्ररीतून इकडे बदलून आलेल्या. त्यांनी न बोलता तिन्ही कप उचलले. विनीतने वर पाहिलंही नाही.

मीनाक्षीने कपाट उघडलं. आत स्पिरिटचा वास. "मंगळवारी पण असाच होता," दिशा पुटपुटली. स्टीलच्या भिंती आरशासारख्या लखलखीत होत्या. मीनाक्षी वाकली आणि तिने दाराच्या कडेची रबरी पट्टी बोटाने उलटी करून तिला नाक लावलं.

मसाल्याच्या डब्याची रिंग दहा वेळा घासली तरी वास सोडत नाही, हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. पत्रा पुसला की विसरतो. रबर विसरत नाही.

पट्टीला ओव्याचा वास येत होता.

५

दिशाचा चेहरा उतरला. "मावशी, ओवा म्हणजे माझंच थायमॉल! आता तर सगळे म्हणतील मीच..."

"म्हणू देत. लोकांच्या तोंडाला हात लावायला आपण रिकाम्या नाही." मीनाक्षीने बाही सरसावली. "नव्या प्लेटा काढ. ह्या अकरा टकल्यांचा एकेक तुकडा नव्या प्लेटमध्ये ठेव आणि दुसऱ्या मजल्यावर घेऊन चल. बुरशी मेलीय की नुसती दबून बसलीय ते तिलाच विचारू."

उत्तराला पाच दिवस लागणार होते. तोवर मीनाक्षी लोअर परळला गेली, ओव्याचं तेल विकणाऱ्या आणि दिशाच्या मागे लागलेल्या हितेंद्रकडे. जिथे तिच्या वडिलांनी सत्तावीस वर्षं कापड गिरणीत साचा चालवला, तिथे आता काचेची इमारत होती आणि चौदाव्या मजल्यावर हितेंद्रचं तेलाचं दुकान. तो दुकानाला ब्रँड म्हणत होता. भिंतीवर जाहिरात: 'नायटा मुळापासून साफ! विज्ञानाची मोहर!'

"मोहर कुठाय?" मीनाक्षीने विचारलं.

"तीच तर दिशा मॅडम देत नाहीत ना. मी म्हटलं, तुमचा रिपोर्ट आहे, एक सही करा. मला म्हणाल्या, प्लेटमध्ये बुरशी मरते एवढंच मी म्हणेन. अरे, एवढ्याने कोण घेणार तेल?"

"राग आला असेल."

"आला ना! गेल्या शनिवारी परत गेलो होतो समजवायला. त्या नव्हत्या. लॅबमध्ये दहा मिनिटं एकटाच बसलो, मग निघालो." तो हसला. "आणि माझ्या बॅगेत तेलाच्या बाटल्या होत्या. तुम्हाला हेच विचारायचंय ना?"

एकटा, चिडलेला, बॅगेत ओव्याचं तेल. रविवारपर्यंत दिशाची खात्री पटली की हाच. मीनाक्षीची मात्र पटेना, आणि तिला कारण सांगता येईना. ती रात्रभर कूस बदलत राहिली.

सोमवारी दोघींनी नव्या प्लेटा उघडल्या. अकरापैकी सातांत पांढरा कापूस डोकं वर काढत होता.

"जिवंत आहे! माझी बुरशी जिवंत होती!" दिशा रडायलाच लागली.

मीनाक्षी त्या कापसाकडे बघत होती. "किती दिवसांनी पहिला ठिपका दिसतो गं हिचा?"

"तिसऱ्या, फार तर चौथ्या दिवशी."

"आणि टकल्या प्लेटांत टाचणीच्या टोकाएवढासुद्धा ठिपका नव्हता." तिने कपाळावर हात मारला. "म्हातारी झाले मी! हितेंद्र आला शनिवारी, म्हणजे पाचव्या दिवशी. तोवर ठिपके आलेच असते. जे झालं ते पहिल्याच दिवशी झालं. सोमवारीच."

६

कपाटाच्या बाजूला एक कार्ड लटकत होतं. कुणी काय ठेवलं, काय काढलं, वेळ आणि सही. मीनाक्षीने ते वाचलं, पुन्हा वाचलं. सही न करता कपाटाला हात लावणारं, तेही लायब्ररीतून आलेलं, एकच माणूस उरत होतं; ती गंगुबाईंना शोधत मागच्या व्हरांड्यात गेली.

गंगुबाई पोळीभाजीचा डबा उघडून बसल्या होत्या. मॅडम दिसताच घाबरून उठायला लागल्या. मीनाक्षी त्यांच्या शेजारी पायरीवरच बसली.

"गाव खंयचा तुमचा?"

गंगुबाईंचा चेहरा उजळला. "मालवणाकडचा. तुमी?"

"वेंगुर्ल्याचे आमी." दोघी थोडा वेळ आंब्यांवर बोलल्या. मग मीनाक्षीने हळूच विचारलं, "त्या बुरशीच्या कपाटात कायतरी ठेवलास?"

"होय तर!" गंगुबाई चटकन म्हणाल्या. लपवण्यासारखं काही आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. "लायब्ररीत आमी असांच करू. पावसात पुस्तकांका बुरशी येता, मगे लोखंडी कपाटात बशीत थायमॉल ठेवून दार लावायचा. आठ दिवसांत बुरशी साफ! विनीत सरांकापण मियां ह्या सांगलेला. हयसर विनीत सर चायच्या टायमाक म्हणाले, 'काय ही बुरशी माजलीय कपाटात, कमिटी बघेल तर तोंडात शेण घालेल.' माका वाटला, साहेबांची अब्रू जाईत. लायब्ररीतली उरलेली बाटली होती. मियां संध्याकाळी बशी भरून खालच्या फळीवर ठेवलंय."

"आणि बशी काढल्यान कोणी?"

"विनीत सरांनी. मंगळवारी सकाळी लवकर इले, आपण कपाट पुसल्यानी, आणि बशी धुवन माझ्या हातात दिल्यानी. देवमाणूस!" मग मीनाक्षीचा चेहरा बघून त्यांचा घास हातातच राहिला. "बाय, माझा काय चुकला?"

मीनाक्षीने सांगितलं. गंगुबाईंनी डबा बंद केला. दिशाचं नाव माझ्यामुळे गेलं का, एवढंच त्यांनी दोनदा विचारलं, आणि मीनाक्षीला त्यांच्या डोळ्यांकडे बघवेना.

७

मंगळवारी अकराला रमाकांतांच्या खोलीत पाच माणसं होती: रमाकांत, विनीत, दिशा, दाराला चिकटून गंगुबाई, आणि न विचारता खुर्ची ओढून बसलेली मीनाक्षी.

तिने टेबलावर सात प्लेटा मांडल्या. "ही तुमची मेलेली बुरशी. टकल्या प्लेटांतूनच उचललीय. नुसती दबली होती, दबाव काढल्यावर उठली. बारा नंबरला चिकटपट्टी होती, वाफ आत गेली नाही, म्हणून ती वाचली. कपाटाच्या रबराला अजून ओव्याचा वास आहे, नाक लावून बघा. आठ दिवस आत थायमॉलची बशी होती. ती गंगुबाईंनी ठेवली, लायब्ररीतली सवय म्हणून. इथे बुरशी मारत नाहीत, पाळतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं."

रमाकांतांनी सुटकेचा श्वास टाकला. "म्हणजे नजरचूक."

"त्यांची नजरचूक. ह्याची नाही." तिने विनीतकडे बोटही केलं नाही, नुसतं कार्ड पुढे सरकवलं. "सोमवार, बारा चाळीस. 'नऊ प्लेटा बाहेर. विनीत.' ह्याच्याही प्लेटा त्याच कपाटात होत्या. दुपारी ह्याने आपलं बिऱ्हाड हलवलं, आणि चार वाजता गंगुबाईंसमोर बुरशी माजल्याची हळहळ केली. स्वतःची बुरशी बाहेर काढून मग!"

"मी त्यांना काहीही ठेवायला सांगितलं नाही," विनीत थंडपणे म्हणाला. "प्लेटा हलवणं हा गुन्हा आहे का?"

"नाही. सांगितलं नाहीस, एवढा तू हुशार आहेस. पण बशी धुतलीस." मीनाक्षी पुढे झुकली. "अरे, स्वतःचा चहाचा कप तू तीन तीन दिवस विसळत नाहीस. कपाट उघडायच्या दिवशी सकाळी लवकर येऊन तू एका मदतनीस बाईची बशी धुतलीस, कपाट स्पिरिटने पुसलंस, आणि अकराला दिशा खोटी ठरली तेव्हा हसलास. काही माहीत नसलेल्या माणसाने विचारलं असतं, ही बशी कसली?"

विनीतने रमाकांतांकडे पाहिलं.

रमाकांतांनी चष्मा पुसला. मग सावकाश म्हणाले, "बाहेर गेलं तर संस्थेचं नाव जाईल. आपण असं करू. मदतनिसाच्या चुकीने प्रयोग बाधित, एवढंच लिहू. गंगुबाईंचं कंत्राट तसंही संपत आलंय. दिशा निर्दोष, आणि चाचणीची शिफारस तिचीच. इथे सही कर."

कागद दिशासमोर आला. दोन वर्षांची मेहनत, आईचे पाय, चाळीस बायका, सगळं एका सहीवर. मीनाक्षी गप्प बसली. आयुष्यात फार कमी वेळा ती अशी गप्प बसली होती.

दिशाने पेन उचललं आणि टोपण लावून परत ठेवलं.

"हितेंद्रने पण एक सही मागितली होती, सर. अर्धं खरं होतं त्यात. ह्यातही अर्धं खरंच आहे." तिने कागद परत सरकवला. "माझं तेल नायटा बरा करतं असं मी म्हणणार नाही. करत नाही, असं तपासल्याशिवाय तुम्हाला म्हणू देणार नाही. आणि गंगुबाईंचा बळी देऊन मिळालेली परवानगी मला नको. सगळं लिहा, नाहीतर मी लिहून समितीला देते. काढा माझं नाव."

"धमकी देतेस?"

"देतेय," दिशा म्हणाली.

"आणि ह्या सात प्लेटा मी स्वतः घेऊन येईन," मीनाक्षी म्हणाली. "गाजावाजा करत. रमाकांत, तुला सुई धरायला शिकवली तेव्हा पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं? दिसलं ते लिहायचं. आवडेल ते नाही."

रमाकांतांनी तो कागद फाडला आणि कोरा घेतला.

८

समितीने विनीतचा अर्ज रद्द केला आणि त्याला वर्षभर प्रयोगशाळेतून बाहेर ठेवलं. दिशाने प्रयोग नव्याने केला, बाराही प्लेटा काठोकाठ माजल्या, आणि जुलैत परवानगीचं पत्र आलं. 'थायमॉलच्या वाफेचा परिणाम' असं एक वेगळं पान तिने अहवालात जोडलं होतं. निरीक्षण दिशाचं, बशी ठेवणाऱ्या म्हणून नाव गंगुबाईंचं. त्यांचं कंत्राटही वाढलं.

मंजुळा चाळीस बायकांची नावं घेऊन आली. पहिलं तिचंच.

"आई, तुला नाही घेता येणार. तू माझी आई आहेस."

"म्हणजे तुला जन्म देऊन माझ्याच पायाचं वाटोळं!" मंजुळा अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशी कडाडली, आणि मीनाक्षीला बरं वाटलं. "बरं, वीस जणींना तेलाचं मलम, वीस जणींना साधं. कुणाला कुठलं?"

"मलाही कळणार नाही. शेवटी उघडायचं."

"आणि तेल हरलं तर?"

"तर तेल हरलं असं छापीन."

मंजुळाने तिच्याकडे नीट पाहिलं, स्वतःचं नाव खोडलं आणि खाली दुसऱ्या एका कोळणीचं लिहिलं.

निघताना मीनाक्षी बुरशीच्या कपाटापाशी थांबली. दारावर नवी पाटी होती, पुठ्ठ्यावर खडूने, लायब्ररीत शिकलेल्या ठसठशीत अक्षरांत: 'आत बुरशी आहे. ती वाढू द्यावी. हुकुमावरून, गंगुबाई.'